चौथ्या वर्षाआधी सेमिनार हवेत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथे वर्ष संशोधनासह ‘ऑनर्स’ म्हणून करता येईल. त्यात 12 क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासभार मोजण्याचे एकक) संशोधन प्रकल्प आहे. पण तीन वर्षे गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर काढलेली मुले एकदम स्वतंत्र अभ्यास कसा करणार? दुसऱ्या वर्षापासूनच आठवड्यातून एकदा पंधरा-वीस जणांचा सेमिनार घ्या. एक लेख सगळ्यांनी वाचून यायचा, एकाने मांडायचा, बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. प्राध्यापक मात्र लागतात, आणि तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्यांकडून ही अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. रिक्त पदे आधी भरा.

परदेशातील शिक्षणाचेही तसेच, संधी कागदावर आहे पण आधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार ट्विनिंग पदवीत, म्हणजे भारतीय आणि परदेशी संस्थेत विभागून करायच्या पदवीत, 30 टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेत मिळवता येतात. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मात्र पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहे. पदवीच्या एखाद्या सत्रासाठीही सरकारने अशी मदत सुरू करावी. ऐपत नसलेल्या घरांतली मुलेही तेवढीच हुशार आहेत.

– एक प्राध्यापिका, सांगली