निवळीबद्दल एक ओळही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुग्धव्यवसायातील नव्या तंत्रज्ञानावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. खाद्यात ३-एनओपी हे मिथेन रोखणारं रसायन मिसळलं की गाईच्या ढेकरांतून जाणारा मिथेन साधारण ३० टक्क्यांनी घटतो, हे खरं. (दिवसभर कुरणात चरणाऱ्या गाईला ते द्यायचं कसं, हेही यायला हवं होतं.) पण चीज केल्यावर उरणाऱ्या निवळीबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नाही, आणि माझी सव्वीस वर्षं तिच्यातच गेली.

मी एका चीज कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. १० लिटर दुधाचं चीज होतं जेमतेम एक किलो. बाकी सुमारे ९ लिटर हिरवट निवळी. पाहणाऱ्याला ते पाणीच वाटतं. पण दुधातली बहुतेक साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि प्रथिनांचा पाचवा हिस्सा त्यात असतो.

एकदा जोडून सुट्ट्या आल्या आणि निवळी न्यायला टँकर फिरकलाच नाही. वरून निरोप आला, सोडा सांडपाण्याच्या टाकीत. सोमवारी गेले तर दारापासूनच सडक्या अंड्यांचा वास. घरगुती सांडपाण्याची बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम, निवळीची ३० ते ५० हजार. टाकीतल्या जिवाणूंना ऑक्सिजन कुठून पुरणार? टाकी मार्गावर यायला तीन आठवडे गेले. नोंदवहीत कारण लिहिलं, ‘तांत्रिक बिघाड’. अक्षर माझंच होतं.

पुढे अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळणं, आलं. पडदा प्रथिनं अडवतो. साखर आणि क्षार पाण्याबरोबर निघून जातात. यंत्राचं माहितीपत्रक इथेच संपतं. पडद्यावर प्रथिनं नि कॅल्शियम थापतात, म्हणून तो रोज आधी अल्कलीनं, मग आम्लानं धुवावा लागतो. शिवाय साखरेचं पाणी उरतंच. त्याचं अल्कोहोल करता येतं, आयर्लंडमध्ये १९७८ पासून करतात. मात्र पावाचं यीस्ट लॅक्टोज आंबवत नाही, क्लुइव्हेरोमायसिससारखं वेगळं लागतं. शेणाच्या बायोगॅस टाकीत निवळी थोडी थोडी घातली तर गॅस वाढतो. एकदम ओतली की टाकी आंबते आणि गॅस बंद.

आम्ल घालून दूध फाडलं तर उरणारी आंबट निवळी आणखी हट्टी. पावडर करायला जावं तर ड्रायरला चिकटून बसते.

मोठे कारखाने यातून वाट काढतात, कारण ही सगळी यंत्रं त्यांच्याच मापाची आहेत. ज्याच्याकडे रोज ५०० लिटर निवळी निघते, तो ती गुपचूप नाल्यात सोडतो. त्याला मी दोष देणार नाही. आपल्या लेखातल्या तज्ज्ञांना माझा एवढाच प्रश्न विचारा: एका माणसाला तासाभरात धुता येईल असा लहान पडदा कुणी बनवतंय का?

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा रसायनतज्ज्ञ