शेफील्डचे घण आणि आपल्या पेटीतल्या कॅसेटी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लग्नसराईतल्या डीजेविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. आवाजाच्या त्रासाबद्दल त्यात जे म्हटले आहे ते सगळे मला मान्य आहे. आमच्याच गल्लीत हृदयविकाराचे दोन रुग्ण आहेत आणि वरातीच्या रात्री त्यांच्या घरची माणसे खिडक्यांच्या फटींत चादरी कोंबून बसतात. परंतु लेखकाने त्यापुढे जाऊन, विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या संगीताला गाव नसते, घराणे नसते आणि इतिहासही नसतो, असे जे विधान केले आहे ते चुकीचे आहे. गिरण्या, जिनिंग आणि रेल्वे यांच्या आवाजात वाढलेल्या खान्देशातल्या वर्तमानपत्रात ते तसेच राहू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी 1979 साली दूरध्वनी खात्यात तंत्रज्ञ म्हणून लागलो. त्या वेळचे आमचे एक्स्चेंज, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणारे केंद्र, यांत्रिक होते. कोणी घरी डायल फिरवून सातचा आकडा लावला की तारेतून सात ठोके येत आणि आमच्याकडच्या रॅकवरचा सिलेक्टर खटखट करीत सात पायऱ्या वर चढे. सकाळी बाजार उघडून कापसाच्या आणि केळीच्या व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले की शेकडो सिलेक्टर एकदम चालू लागत, आणि सुपात ज्वारी पाखडावी तसा आवाज खोलीभर होई. कोणत्या रॅकला बिघाड आहे हे जुनी माणसे आधी कानाने सांगत आणि मग मीटर लावत. निवृत्तीनंतर माझ्या पुतण्याने मला हेडफोन देऊन काही जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवली, तेव्हा ती करणाऱ्यांपैकी एक जण इंग्लंडमधला टेलिफोन तंत्रज्ञच होता हे कळले, आणि तेव्हापासून मी या विषयाचा पाठपुरावा करीत आहे.

त्या तंत्रज्ञाचे गाव म्हणजे शेफील्ड. इंग्लंडच्या उत्तरेकडचे हे शहर पोलादाचे. सुऱ्या-कात्र्यांपासून जहाजांच्या अवजड भागांपर्यंत सगळे तिथे घडत असे, आणि रात्रीच्या पाळीत चालणाऱ्या घणांचा आवाज दूरच्या वस्त्यांतही अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकू येई, असे तिथल्या अनेक वादकांनी सांगून ठेवले आहे. 1973 साली या शहरात ख्रिस वॉटसन, रिचर्ड कर्क आणि स्टीफन मॅलिंडर या तीन तरुणांनी ‘कॅबरे व्होल्टेअर’ नावाचा गट काढला. तिघांपैकी कोणीही संगीत शिकलेला नव्हता. वॉटसनला लहानपणी आई-वडिलांनी टेप-रेकॉर्डर दिला होता आणि तो पक्ष्यांना दाणे घालायच्या फळीवर ठेवून त्याने त्यांचे आवाज टिपले होते. पुढे तो टेलिफोनच्या नोकरीत लागला. त्याच्याच घराच्या पोटमाळ्यावर हे तिघे बसत, टेप कापत, तुकडे उलटेसुलटे जोडत, टेपचे वेटोळे करून एकच आवाज पुन्हा पुन्हा फिरवत, आणि साध्या सर्किटांतून निघणारे स्वर त्यात मिसळत. 1975 सालच्या त्यांच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमात श्रोते इतके चिडले की मारामारी झाली आणि मॅलिंडरला दुखापत होऊन रुग्णालयात जावे लागले. त्यानंतरही ते थांबले नाहीत. पुढे शहरातल्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत त्यांनी ‘वेस्टर्न वर्क्स’ या नावाने स्वतःचा स्टुडिओ थाटला, आणि दुसऱ्याच्या वेळेचे भाडे मोजावे न लागल्यामुळे हवे तितके चुकण्याची त्यांना मोकळीक मिळाली. माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे मर्म या मोकळिकीत आहे.

ते एकटेही नव्हते. त्याच शहरात मार्टिन वेअर आणि इयान क्रेग मार्श हे दोन संगणक ऑपरेटर सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारे वाद्य, घेऊन बसले होते. रुग्णालयात पोर्टरचे काम करणारा फिलिप ओकी त्यांना गायक म्हणून येऊन मिळाला, आणि त्यांच्या ‘ह्यूमन लीग’ या गटाची पहिली तबकडी 1978 साली निघाली, तीही घरगुती टेप-रेकॉर्डरवर मुद्रित केलेली. या मंडळींपैकी काही जण किशोरवयात ‘मीटव्हिसल’ नावाच्या, नगरपालिकेच्या पैशावर चालणाऱ्या नाट्यशिबिरात एकमेकांना भेटले होते, ही गोष्ट आपल्याकडच्या नगरसेवकांनी अवश्य वाचावी अशी आहे. 1980 च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पोलाद कामगारांचा मोठा संप झाला आणि त्या दशकात शेफील्डमधल्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. आपल्याकडच्या गिरण्यांच्या बाबतीत जे घडले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

‘इंडस्ट्रियल’ हे या संगीताचे नाव मात्र शेफील्डचे नव्हे. हल शहरातून लंडनला गेलेल्या कलावंतांच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या गटाने 1976 साली ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली, आणि मोंटे काझाझा या त्यांच्या अमेरिकन मित्राने ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’ या अर्थाचे घोषवाक्य तिला दिले. गाणे हा काही आकाशातून पडणारा प्रसाद नव्हे, तोही कारखान्यातून निघणारा माल आहे, हे उघडपणे सांगण्याचा त्या नावामागे हेतू होता. त्या गटाचे पुष्कळसे काम मला ऐकवत नाही आणि घरात लहान मुले असताना तर मी ते लावणारही नाही. पण त्यांनी केलेल्या एका कामासाठी मी त्यांचा ऋणी आहे. ‘कॅबरे व्होल्टेअर’ने पोटमाळ्यावर 1974 ते 1976 या काळात जे मुद्रण केले होते, ते याच कंपनीने 1980 साली कॅसेटवर प्रसिद्ध केले. ती कॅसेट निघाली नसती तर त्या काळातला हा पोटमाळा आज आपल्याला कितपत ऐकू आला असता?

पुढचा धागाही तुटलेला नाही. 1989 साली शेफील्डमध्ये ‘वॉर्प’ ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली आणि तिची पहिली तबकडी ज्या गटाची होती त्याने आपले नाव ‘फोर्जमास्टर्स’ असे ठेवले होते, म्हणजे तिथल्या पोलाद कारखान्याचेच नाव. दुसऱ्याच वर्षी रिचर्ड कर्कने एका सहकाऱ्याबरोबर त्याच कंपनीसाठी एक तबकडी केली, जिचा मुख्य स्वर यंत्रे तपासण्यासाठी वापरतात तसल्या टेस्ट टोनचा होता. आयुष्यभर लाइनवर टोन सोडून बिघाड शोधणाऱ्या माणसाला ती प्रथम ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. वॉटसन 1981 मध्येच गट सोडून दूरचित्रवाणीवर ध्वनिमुद्रक म्हणून गेला, पुढे वन्यजीवांच्या आवाजांसाठी जगभर नावाजला गेला, आणि 2013 साली त्याने शेफील्डच्या मिलेनियम गॅलरीत आपल्या गावाचा ध्वनिनकाशा मांडला. जे दिसते त्याचा नकाशा सगळेच काढतात. गाव कसे ऐकू येते याचा नकाशा मी तरी प्रथमच ऐकला.

याच शहराने एक चूकही केली आहे. लोकप्रिय संगीतासाठी 1999 साली तिथे पोलादी ढोलांच्या आकाराचे भव्य राष्ट्रीय केंद्र उभारण्यात आले. त्यावर सुमारे दीड कोटी पौंड खर्च झाले, पण अपेक्षेइतके प्रेक्षक आले नाहीत. पुढच्याच वर्षी ते बंद पडले आणि इमारत अखेर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेकडे गेली. म्हणून आपल्याकडेही कोणी संगीतासाठी अशी इमारत मागू लागले, तर मी त्याला विरोधच करीन.

आता आपल्याकडे वळतो. अमळनेर, चाळीसगाव आणि जळगाव येथील गिरण्यांच्या भोंग्यांवर कित्येक घरांची चूल पेटत असे. भुसावळच्या यार्डातले डबे जोडण्याचे धडाके आणि जिनिंगमधला सरकी वेगळी होतानाचा घरघराट हे आवाज आमच्या पिढीच्या अंगात मुरलेले आहेत. पिअर शेफर या फ्रेंच रेडिओतल्या अभियंत्याने 1948 साली पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर वाफेच्या इंजिनांचे आवाज मुद्रित करून त्यांचीच एक रचना बांधली आणि ती रेडिओवरून प्रसारितही झाली. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात त्या वर्षी तसलीच इंजिने रात्रंदिवस धापा टाकत होती.

आपल्याकडे काहीच घडले नाही, असे मात्र नाही. वाजंत्रीच्या बँडमध्ये क्लॅरोनेटच्या शेजारी प्रथम बॅन्जो आला, मग कॅसिओ आला, मग ऑक्टोपॅड आला. आणि कानबाईच्या मिरवणुकीत किंवा हळदीच्या रात्री या वादकांनी अहिराणी गाण्यांच्या चालींना विजेचे जे स्वर दिले, ते त्यांना कोणी शिकवले नव्हते. जपानी कीबोर्डातली तयार लय गाण्याला बसत नाही म्हणून ती बंद करून डाव्या हाताने वेगळीच लय धरणारे वादक मी पाहिले आहेत. एका खोलीत भिंतींना गोणपाट लावून अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी भरल्या जात आणि आठवडी बाजारात विकल्या जात. हे सगळे खान्देशी, घरच्या खोलीतले आणि विजेवरचे संगीतच होते. फक्त त्याला कोणी तसे नाव दिले नाही.

आमचे यांत्रिक एक्स्चेंज बंद होऊन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, त्याच्या आदल्या रात्री मी माझा कॅसेट रेकॉर्डर रॅकजवळ ठेवून अर्धा तास मुद्रण केले होते. रॅक पुढे भंगारात वजनावर गेले. कॅसेटवर घरातल्याच कोणी तरी बारशाची गाणी भरली. दोष कोणाचाही नाही, कारण मीच त्यावर नाव लिहून ठेवले नव्हते. पण त्या आवाजातला एक ठोकादेखील आता माझ्यापाशी नाही, याचे दुःख मला अजून होते.

टेपा सापडतात, पण त्या कोणी तरी जपलेल्या असाव्या लागतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ‘मूग’ या बनावटीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला आणि त्यावर भारतीय कलावंतांनी काम केले. तापीकाठाने सुरतेला जाणारी गाडी धरली की आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावरची ही गोष्ट आहे. तरीही पॉल परगस या ब्रिटिश कलावंताने संस्थेच्या संग्रहातल्या टेपा बाहेर काढेपर्यंत ती फारच थोड्यांना ठाऊक होती, आणि ते संगीत अल्बमच्या रूपाने प्रसिद्ध झाले ते 2023 मध्ये.

आपल्याकडच्या कॅसेटी कोणत्याही संग्रहात नाहीत. त्या पत्र्याच्या पेट्यांत, पत्र्याच्याच छपराखाली, मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात पडून आहेत. उष्णतेने फीत ताणली जाते, तिच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरते. त्या भरणारे वादक आता साठी-सत्तरीत आहेत. आपण आपल्या अंकातून अशा कॅसेटी, बँडच्या जुन्या वह्या आणि गिरणीच्या भोंग्यांची मुद्रणे ज्यांच्याकडे असतील त्यांना आवाहन करावे, आणि जळगावच्या विद्यापीठाने त्यांच्या संगणकीय प्रती करून ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. मूळ कॅसेट मालकाला परत द्यावी आणि वादकाचे नाव, गाव व साल त्याच्याकडूनच विचारून लिहून घ्यावे. यासाठी एक खोली, कॅसेट वाजवणारा एक चांगला डेक आणि कॅसेटचा स्क्रू न मोडता तो उघडू शकणारा माणूस एवढेच लागते. वाचकांनी आपल्या कॅसेटी तोपर्यंत उन्हातून काढून कोरड्या, सावलीच्या जागी उभ्या ठेवाव्यात आणि बुरशी दिसत असेल तर त्या वाजवून पाहू नयेत.

माझ्याकडे चालू स्थितीतला डेक आहे आणि हेड साफ करण्याचे साहित्यही आहे. विद्यापीठाने बोलावल्यास दर शनिवारी भुसावळहून सकाळच्या गाडीने जळगावला येण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त दूरध्वनी तंत्रज्ञ, भुसावळ