चालण्याच्या सवलतीची अट वर्षाच्या मध्येच बदलल्याबद्दल तक्रार

दि. 12 जानेवारी 2026

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : कुटुंब आरोग्य विमा पॉलिसीवरील 20 टक्के व्यायाम सवलत नूतनीकरणाच्या वेळी नाकारल्याबाबत.

महोदय / महोदया,

माझी आणि माझ्या पतींची आपल्या कंपनीकडे एकत्रित आरोग्य विमा पॉलिसी आहे. 10 डिसेंबर 2025 रोजी तिचं नूतनीकरण झालं. मूळ हप्ता 34,000 रुपये. व्यायाम सवलतीचे 20 टक्के म्हणजे 6,800 वजा होऊन आम्ही 27,200 भरायला हवे होते. आपण पूर्ण 34,000 घेतले. पॉलिसी खंडित व्हायला नको म्हणून आम्ही ते भरले. भरले म्हणजे मान्य केले असं नाही. हे 6,800 रुपये मला परत हवे आहेत. पत्र थोडं लांबेल, पण आपल्या हेल्पलाइनवरच्या पोरांना हेच मी तुकड्यातुकड्यांनी सांगून थकले आहे, तेव्हा एकदा सलग लिहून काढलेलं बरं.

पॉलिसी घेताना आपण दिलेल्या छापील पुस्तिकेतली अट अशी आहे : पॉलिसीतल्या दोघांनीही दिवसाला 7,500 पावलं चालायची, असे महिन्यातून किमान 15 दिवस भरायचे, आणि वर्षातले 9 महिने असे झाले की पुढच्या हप्त्यात 20 टक्के सूट. पावलं फोनमधल्या आपल्या अ‍ॅपने मोजायची. बाकी काही नाही. त्या पानाची झेरॉक्स पत्राला जोडली आहे.

माझ्या चालण्याचा प्रश्न नव्हता. मी पतसंस्थेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी चालतेच. प्रश्न आमच्या ह्यांचा होता. यांचं वय 61, साखर दहा-बारा वर्षांपासून. डॉक्टर दर वेळी सांगायचे, रोज चाला. हे म्हणायचे, "दिवसभर शेतात राबतोय की, आणि वेगळं कशाला चालू?" पुण्यात फिजिओथेरपिस्ट असलेल्या लेकीने सांगून झालं. माझं तर कोण ऐकतंय! पण 6,800 रुपयांचं त्यांनी ऐकलं. जानेवारीपासून मारुतीच्या देवळापासून धरणाच्या रस्त्याने फोन खिशात टाकून निघायचे आणि परत आल्यावर चहाच्या आधी आकडा बघायचे. कमी भरला असेल तर रात्री जेवल्यावर अंगणात फेऱ्या. गल्लीतल्या लोकांनी हसून घेतलं. जूनमध्ये तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट काढला तेव्हा आकडा 8.4 वरून 7.3 वर आला होता. औषध तेच, पथ्य जेमतेम तेच, बदल एवढाच की माणूस चालायला लागला होता.

म्हणून माणसाला पैसे देऊन चालायला लावणं चूक, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. आपली योजना चांगली होती. सिंगापूरमध्ये तर सरकारच 2015 पासून नागरिकांना पावलांवर बक्षिसं देतं. माझं भांडण त्या योजनेचं 1 ऑगस्टला आपण जे केलं त्याच्याशी आहे.

त्या दिवशी अ‍ॅप अपडेट झालं आणि इंग्रजीत एक चौकट आली. तिच्यात तीन गोष्टी होत्या. एक, 7,500 ऐवजी आता 10,000 पावलं. दोन, फोनने मोजलेली पावलं धरणार नाही, मनगटावर बांधायचा पट्टा किंवा घड्याळ पाहिजे. तीन, एखादा महिना चुकला की आधीचे सगळे महिने शून्य. खाली 'मान्य' असं एकच बटण. नामंजूर म्हणायची सोय नाही, आणि बटण दाबल्याशिवाय कॅशलेस दवाखान्यांची यादीसुद्धा उघडत नाही. जुलैअखेर यांचे जानेवारी ते जून असे सहा महिने भरलेले होते. जुलै चुकला होता. जुन्या अटीत तो चालत होता, कारण 12 पैकी 9 पुरेसे होते. नवीन अटीने जुलैकडे मागे वळून बघितलं आणि सहाच्या सहा महिने पुसून टाकले. आदल्या रात्रीपर्यंत अ‍ॅपच्या पहिल्या पानावर 'मिळवलेली सवलत' म्हणून जो हिरवा पट्टा अर्ध्याहून पुढे गेलेला दिसायचा, तो सकाळी रिकामा.

मी पतसंस्थेत 27 वर्षं लेखनिक होते. ठेव ठेवताना पावतीवर जो व्याजदर लिहिला तो मुदत संपेपर्यंत तोच राहतो. संचालक मंडळाने दर खाली आणला तर तो नव्या ठेवींना. चालू ठेवीचा दर मध्येच बदलून, वर मागच्या सहा महिन्यांचं व्याजही काढून घेतलं असतं तर ठेवीदारांनी संस्थेच्या दाराला कुलूप लावलं असतं, आणि बरोबर केलं असतं. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर 2020 मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांत निरोगी राहणाऱ्या ग्राहकाला नूतनीकरणाच्या हप्त्यात सूट द्यायची मुभा कंपन्यांना दिली आहे. ती सूट ग्राहकाने आधीच्या पॉलिसी वर्षात जे पाळलं त्यावर ठरते. आम्ही त्या वर्षात जे पाळलं ते पुस्तिकेतल्या अटीप्रमाणे पाळलं. दुसरी अट तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर या तिन्ही महिन्यांत यांच्या फोनवर 7,500 च्या वरचे पंधराहून जास्त दिवस आहेत, माझेही आहेत. सहा आणि तीन नऊ होतात. सगळे स्क्रीनशॉट लेकीने छापून दिलेत, तेही जोडले आहेत.

आता जुलैविषयी, कारण आपल्या ई-मेलमध्ये 'सदस्य जुलै महिन्यात निष्क्रिय होते' असं लिहिलं आहे आणि हे वाक्य मला फार लागलं.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात. जुलै म्हणजे भाताची रोपलागण. पहाटे उजाडायच्या आत तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटायला जायचं, मुठी बांधायच्या, पाटीत भरून डोक्यावरनं वाफ्यावर नेऊन टाकायच्या. मग चिखलणी. पॉवर टिलर चालतो तो काही एकटा चालत नाही, त्याच्या मागे माणूस चालतो, मांडीपर्यंत चिखलात, प्रत्येक पाय उपसून काढत, आणि टिलर वळवताना अंगाचा सगळा जोर लावत. दुपारनंतर बायका लावायला उतरल्या की हेही उतरतात, कारण मजूर मिळत नाही. वाकून, मागे मागे सरकत, दिवस मावळेपर्यंत. मागे सरकलेलं पाऊल आपलं अ‍ॅप पाऊल धरतं की नाही देव जाणे, पण तो मुद्दाच येत नाही, कारण अशा वेळी फोन खिशात नसतो. वरून पाऊस, खालून चिखल. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खोपीत खुंटीला टांगलेला असतो. जवळपास महिनाभर हा माणूस असा राबला, रात्री पाय चेपून घेतल्याशिवाय झोप येत नव्हती, आणि आपल्या कागदावर तो निष्क्रिय.

याच महिन्यात दोन दिवस मात्र अ‍ॅपने यांना सक्रिय ठरवलं आहे. त्या दोन्ही दिवशी हे ट्रॅक्टरवर बसून खताची पोती आणायला गेले होते. आमच्या रस्त्याची अवस्था अशी की शर्टाच्या खिशातल्या फोनला वाटलं, माणूस पळतोय. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. घाम गाळला तो दिसला नाही आणि खड्डे मोजले गेले, अशा मोजणीवर आपण 34,000 चा हिशोब करता. मनगटी पट्टा घेतला तरी चिखलात तो कोण बांधणार, आणि 6,800 च्या सवलतीसाठी दोघांचे दोन पट्टे आम्ही विकत का घ्यायचे, हेही सांगावं.

10,000 पावलं हा 'जागतिक वैद्यकीय निकष' आहे असं आपल्या प्रतिनिधीने मला ऐकवलं. लेकीला विचारलं तर ती हसायला लागली. हा आकडा 1965 साली जपानमधल्या यामासा कंपनीने काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. आदल्या वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालं होतं, चालण्याची हवा होती, आणि मोठा गोल आकडा खपाला बरा. 2019 मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी 72 वर्षांच्या सुमारे 17 हजार अमेरिकन बायकांचा अभ्यास छापला. दिवसाला 2,700 पावलांच्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि 7,500 च्या पुढे तो फायदा वाढायचा थांबला. म्हणजे आपल्याच पुस्तिकेतला पहिला आकडा आमच्या वयाला जास्त शोभणारा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत तर पावलांचा निकष नाहीच. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, असं म्हटलंय, आणि त्या हालचालीत कामावरचे आणि घरातले कष्टही धरलेत. रोपलागण यात बसत नसेल तर मग काय बसतं?

एक महिना चुकला की सगळं शून्य, ही अट ज्याने सुचवली त्याला माणसाची काही माहिती नसावी. 2021 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कॅथरिन मिल्कमन आणि इतरांचा एक प्रचंड प्रयोग छापून आला. अमेरिकेतल्या जिमच्या 61 हजारांवर सभासदांवर 54 वेगवेगळ्या चार-चार आठवड्यांच्या योजना लावून बघितल्या. सगळ्यांत चांगली कुठली ठरली? एखादा दिवस चुकल्यानंतर माणूस परत आला की त्याला थोडं जास्तीचं बक्षीस देणारी. जास्तीचं म्हणजे किती, तर 9 सेंट. चुकलेल्याला परत बोलवायला एवढं पुरलं. आपण चुकलेल्याचं होतं नव्हतं तेही काढून घेता. त्याच प्रयोगात असंही दिसलं की चार आठवडे संपल्यावरही परिणाम टिकला तो जेमतेम आठ टक्के योजनांचा. तेव्हा पैशाने लागलेली सवय नाजूक असते हे आपल्याकडच्या जाणकारांना ठाऊक असणारच.

दिलेलं काढून घेण्याची पद्धत मुळातच वाईट असते असंही माझं म्हणणं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या 2016 च्या एका अभ्यासात 281 कर्मचाऱ्यांना रोज 7,000 पावलांचं लक्ष्य दिलं होतं. ज्यांच्या खात्यावर महिन्याच्या सुरुवातीलाच 42 डॉलर दाखवून चुकलेल्या प्रत्येक दिवसाचे 1.40 डॉलर कापले, त्या गटाने सगळ्यांत जास्त वेळा लक्ष्य गाठलं. पण तिथे नियम पहिल्या दिवशी सांगितला होता, आणि एका दिवसाच्या चुकीला एकाच दिवसाचे पैसे कापले होते. इथे सहा महिन्यांचे कापले, तेही न सांगता.

यांनी दिवाळीनंतर चालणं सोडलं. ऑक्टोबरपर्यंत मी समजूत घालून घालून चालवलं, म्हटलं कंपनी चूक दुरुस्त करेल. नूतनीकरणाची नोटीस आली तेव्हा म्हणाले, "चोरांसाठी कोण चालतंय?" मी म्हटलं, साखरेसाठी चाला. उत्तर आलं नाही. हे नुकसान रुपयांत मांडता येत नाही म्हणून मागण्यांत घातलेलं नाही, पण पुढे यांच्या पायाचं-डोळ्याचं काही झालं तर त्याचा क्लेम आपल्याकडेच येणार आहे, एवढं आपल्या हिशोबनिसांच्या कानावर घालावं.

हेल्पलाइनवर शेवटचं उत्तर मिळालं ते असं : "मॅडम, तुमचा हप्ता गेल्या वर्षीपेक्षा 6,120 रुपयांनी कमीच झालाय की." झालाय. कारण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी सरकारने काढून टाकला. 34,000 चे 40,120 व्हायचे ते आता होत नाहीत. सरकारने सोडलेला कर आपल्या सवलतीच्या खात्यात जमा दाखवू नका. ज्या मुलाने हे सांगितलं त्याच्यावर माझा राग नाही, त्याला तसं सांगायला शिकवलेलं असणार.

माझं मागणं असं. 2024-25 च्या पॉलिसी वर्षाला पुस्तिकेतली मूळ अट लावून 6,800 रुपये हप्ता भरलेल्या बँक खात्यात परत करावेत. यांचे जानेवारी ते जूनचे महिने अ‍ॅपमध्ये पूर्ववत दाखवावेत आणि वर्षभराच्या नोंदींचा उतारा कागदावर द्यावा. 'निष्क्रिय' हा शेरा लेखी मागे घ्यावा. यापुढे अट बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या आधी, मराठीत, टपालाने कळवावं. आणि शेतकरी, बांधकामावरचे मजूर, धुणीभांडी करणाऱ्या बायका अशा, फोन अंगावर न ठेवता दिवसभर राबणाऱ्या ग्राहकांसाठी दुसरा काही पुरावा चालेल का, याचा विचार करावा. साखरेचा, रक्तदाबाचा, वजनाचा वर्षातून दोनदा रिपोर्ट मागा. आम्ही देऊ. तो ट्रॅक्टरवर बसून सुधारत नाही.

दोन आठवड्यांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवणार आहे, आणि तिथेही निकाल लागला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे. तिथे वकील लागत नाही आणि फी पण नाही, हे मी विचारून ठेवलं आहे. उत्तर अ‍ॅपमधल्या चौकटीत पाठवू नये. पॉलिसीवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावं. पोस्टमन आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

आपली पॉलिसीधारक,
(सही)
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर