विषय: स्विमिंग पुलावरचं कव्हर रात्री काढून ठेवलं जातं, याबाबत तिसरं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापक समिती, जळगाव

स.न.वि.वि.

दिवाळीनंतरच्या माझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही. आदर्श उपविधींप्रमाणे लेखी तक्रारीवर समितीने पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन सभासदाला कळवायचं असतं. बैठका दोन होऊन गेल्या.

माझी आई गुडघ्यांसाठी रोज सकाळी सहाला पुलात चालते. गच्चीवरच्या सोलरने पाणी संध्याकाळी 29 अंशांवर येतं, सकाळी 26. थर्मामीटर दोरीला बांधून आठ दिवस मी स्वतः मोजलंय. परवा आई दुसऱ्या पायरीवर दांडा धरून थांबली, "राहू दे रे" म्हणाली आणि परत फिरली.

कारण सगळ्यांना माहीत आहे. तळमजल्यावरच्या सभासदांना गॅलरीतून कव्हर दिसलेलं चालत नाही, "ताडपत्री टाकल्यासारखं वाटतं" म्हणे. वॉचमनकडून ते गुंडाळून घेतात आणि पाहुणे आले की कारंजंही रात्री उशिरापर्यंत चालू. पुलाची बहुतेक उष्णता बाष्पीभवनातच जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जवळपास 580 लिटर पाणी 1 अंशाने गार करून जातं. कारंजं म्हणजे त्यात भर. शिवाय पंपाचा टायमर बंद. रात्रभर पाणी सोलरच्या पाइपांतून फिरतं आणि दिवसा कमावलेली ऊब उघड्या आभाळात जाते.

ही गोष्ट खान्देशात कुणाला समजावून सांगायची? रावेर-यावलकडे थंडीत केळीच्या बागेत रात्री शेकोट्या पेटवून धूर करतात, तो बागेवर पांघरूण राहावं म्हणूनच ना?

याच सभासदांच्या गाडीमुळे पावसाळाभर बी विंगचं गेट अर्धंच उघडत होतं. गच्चीवर त्यांच्या कुंड्या सोलरच्या पॅनेलवर सावली पाडत होत्या. तेव्हाही मी शेजारधर्म म्हणून गप्प बसलो. बी विंगमध्ये सगळ्यांचं माझ्यासारखंच मत आहे, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. मेंटेनन्स मात्र सगळेच भरतात.

माझं म्हणणं एवढंच: सूर्यास्ताला कव्हर टाकून वॉचमनने रजिस्टरमध्ये वेळ लिहावी, कारंजं आणि पंप रात्री बंद असावेत. ओढाताणीत कव्हर दोन ठिकाणी फाटलंय, त्याचा खर्च ज्यांनी ते काढायला लावलं त्यांच्याकडून घ्यावा, सोसायटीच्या खात्यातून नको.

पुढच्या बैठकीला मी थर्मामीटर आणि आठ दिवसांची वही घेऊन येतोय. लेखी उत्तर त्याआधी मिळावं.

आपला,
सभासद, बी-402