प्रणाली चालते, असं लिहून कोणी दिलं?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

सरकारी संगणक प्रणाली कोलमडली की आपल्याकडे दोन बातम्या हमखास येतात. आधी लोकांच्या हालांची, मग चौकशीच्या आदेशाची. तिसरी बातमी मी कित्येक वर्षं शोधते आहे: ही प्रणाली तपासली, ती नीट चालते, कंत्राटदाराचे पैसे द्यायला हरकत नाही, असं लिहून सही कोणी केली? तो कागद असतोच. त्याच्याशिवाय लेखा विभागातून पैसे सुटत नाहीत. हे मी खात्रीने लिहिते, कारण माझी सगळी नोकरी देयकं, म्हणजे बिलं, तपासण्यात गेली. मुंबईतल्या एका सार्वजनिक संस्थेत मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि लेखा अधिकारी म्हणून निवृत्त झाले.

रस्ता, गटार, संरक्षक भिंत असं स्थापत्याचं काम असलं की बिलाबरोबर मोजमाप पुस्तिका येते. आम्ही तिला एम.बी. म्हणायचो. लांबी, रुंदी, जाडी, कुठून कुठपर्यंत, कोणत्या तारखेला मोजलं, सगळं त्यात लिहिलेलं. खाली कनिष्ठ अभियंत्याची सही, त्यावर वरच्याची तपासणी. पानांना क्रमांक, पान फाडायला बंदी, खाडाखोड केली तर तिथेही सही. या पुस्तिकेतही खोटं लिहिलं जातं, हे मुंबईच्या रस्त्यांवरून चालणाऱ्या कोणालाही सांगायला नको. पण लिहिणारा सापडतो. २०१६ च्या रस्ते घोटाळ्यात महापालिकेचे अभियंते आणि त्रयस्थ लेखापरीक्षकसुद्धा अटकेत गेले, कारण रस्त्यावरचं काम कागदाशी ताडून पाहता येत होतं. माहिती अधिकार कायदाही नागरिकाला कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क देतो.

संगणकाच्या कामाला अशी पुस्तिका मी कधी पाहिली नाही. मोठाल्या रकमांची देयकं माझ्या टेबलावर यायची आणि त्यांना जोडलेलं प्रमाणपत्र जेमतेम अर्ध्या पानाचं असायचं. ‘प्रणाली समाधानकारकरीत्या कार्यान्वित झाली असून देयक अदा करण्यास हरकत नाही.’ किती चाचण्या घेतल्या, कोणत्या पास झाल्या, किती दोष शिल्लक आहेत, वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी कोणी ती चालवून पाहिली, काही नाही.

एक प्रकरण सविस्तर सांगते. आमच्याकडे हजेरी आणि पगाराची नवी प्रणाली आली. दारात यंत्रं बसली, बोट ठेवायचं, हजेरी लागायची, महिन्याच्या शेवटी त्यावरून पगार. पहिल्याच महिन्यात सफाई खात्यातल्या अनेकांची हजेरी उमटली नाही. ज्यांचे हात आयुष्यभर पाण्यात, फिनाईलमध्ये आणि झाडूच्या दांड्यावर गेले, त्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र त्यांना ओळखत नव्हतं. संगणकात ‘गैरहजर’ आणि पगारात कपात. ती माणसं माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहायची. मुकादम सांगायचा की हा रोज कामावर होता. पण साहेबांकडे गेलं की उत्तर ठरलेलं: सिस्टीम चुकत नाही.

शेवटी गुपचूप तोडगा निघाला. खात्यांनी जुना हजेरीपट पुन्हा सुरू केला, हाताने लिहिलेला, आणि पगार त्यावरून होऊ लागले. त्याच महिन्यांत कंत्राटदाराचं पुढच्या टप्प्याचं देयक माझ्याकडे आलं, सोबत तेच अर्ध्या पानाचं प्रमाणपत्र. मी नस्तीवर, म्हणजे त्या देयकाच्या फाइलवर, आक्षेप लिहिला: प्रणाली समाधानकारक चालत असेल तर त्याच कालावधीचे हजेरीपट हाताने का ठेवले जात आहेत, याचा खुलासा व्हावा. सोबत त्या हजेरीपटांच्या प्रती जोडल्या. नस्ती वर गेली आणि परत आली. खुलासा नव्हता. ‘वरिष्ठांच्या मान्यतेने देयक पारित करावे’ एवढाच शेरा होता. पैसे गेले.

काही वर्षांनी प्रणाली बंद करून दुसरी घ्यायचं ठरलं, तेव्हा अंतर्गत चौकशी झाली. प्रमाणपत्रांवरच्या सह्या कोणाच्या, हेच ओळखता येईना. नाव नाही, हुद्द्याचा शिक्का नाही, काहींवर तारीखही नाही. अधिकारी बदलून गेलेले. प्रकल्प सल्लागाराचा करार संपलेला. कंत्राटदाराची बँक गॅरंटी, म्हणजे काम फसलं तर बँकेने पैसे द्यायची हमी, होती, तिची मुदत उलटून गेली होती आणि ती वाढवून घ्यायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. चौकशीचा निष्कर्ष ‘समन्वयाचा अभाव’. कापलेल्या पगारांपैकी काही परत मिळाले, काही माणसं तोवर निवृत्त झाली होती.

मला सर्वांत जास्त राग त्या अर्ध्या पानाचा येतो, तो नुसत्या पैशांसाठी नाही. प्रणाली ठीक आहे असं एकदा लेखी आलं की तिच्यासमोर उभा असलेला माणूस आपोआप खोटा ठरतो. ब्रिटनमध्ये हे किती टोकाला गेलं ते आता सगळ्यांना माहीत आहे. फुजित्सू कंपनीच्या ‘होरायझन’ प्रणालीने टपाल कार्यालयांच्या हिशेबात खोटी तूट दाखवली आणि १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काहींनी तुरुंगवास भोगला, घरं गेली. तिथल्या न्यायालयांत संगणक बरोबर चालतो असंच गृहीत धरलं जात होतं. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडलं.

आपल्या शहरातलं उदाहरण मुंबई विद्यापीठाचं. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकाच फटक्यात संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. अभियांत्रिकीच्या पेपरांना ही पद्धत आधी वापरली होती, पण सगळ्या शाखांना एकदम लावण्याआधी छोट्या प्रमाणावर करून पाहायला वेळच ठेवला नाही. उत्तरपत्रिका स्कॅन होईनात, काही सापडेनात, प्राध्यापकांना लॉगइन मिळेना. विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पदव्युत्तर प्रवेश, परदेशातले प्रवेश, नोकऱ्या, या मुलांचं झालेलं नुकसान कोणीच भरून दिलं नाही. २४ ऑक्टोबर २०१७ ला राज्यपालांनी कुलपती या नात्याने कुलगुरूंना पदावरून दूर केलं. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.

ते पाऊल योग्यच होतं, असं माझं मत आहे. मात्र त्यानंतर विषय मिटल्यासारखा झाला, ते योग्य नव्हतं. एवढं मोठं काम घेण्याची कंत्राटदाराची तयारी आहे, हे कोणी तपासलं होतं? स्कॅनिंगचा वेग, सर्व्हरची क्षमता, एकाच वेळी किती परीक्षक काम करू शकतील, याची चाचणी झाली असेल तर तिचा अहवाल कोणाच्या सहीचा? कुलगुरू सर्व्हर तपासत नाहीत. त्यांच्यासमोर कोणीतरी एक कागद ठेवलेला असतो.

प्राप्तिकर विभागाचं नवं संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झालं, तेव्हाही हाच प्रश्न माझ्या मनात आला. काम इन्फोसिसचं, मंत्रिमंडळाने मंजूर केलेली रक्कम ४,२४२ कोटी रुपये. अडीच महिन्यांनीही अडचणी संपल्या नाहीत, म्हणून अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं. विवरणपत्र भरायची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. करदात्यांना मुदतवाढ मिळाली, पण कोणत्या चाचण्यांच्या जोरावर ते संकेतस्थळ लोकांपुढे आणलं, हे मी तेव्हा वर्तमानपत्रांत शोधत होते. मला मिळालं नाही.

निवृत्तीनंतर वेळ असतो, म्हणून मी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचं एक प्रकरण मुळातून समजून घेतलं. आमच्या हजेरीच्या प्रणालीशी ते फार जवळचं आहे. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याची नवी पगार प्रणाली मार्च २०१० मध्ये सुरू झाली, मुख्य कंत्राटदार आयबीएम. सुमारे ८० हजार कर्मचाऱ्यांपैकी कोणाला पगार नाही, कोणाला कमी, कोणाला जास्त. ही गाडी रुळावर आणायचा खर्च १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर जाईल, असा अंदाज निघाला. निवृत्त न्यायमूर्ती रिचर्ड चेस्टरमन यांच्या आयोगाने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. चाचण्यांत दोष सापडत होते, तर त्यांची गंभीरता कमी दाखवून प्रणाली सुरू करण्याचा रस्ता मोकळा केला गेला, हे त्यातून लोकांसमोर आलं.

पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. २०१० मध्येच सरकारने कंत्राटदाराशी तडजोड करून आपले दावे सोडून दिले होते. नंतर सरकार कोर्टात गेलं, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने ती तडजोड बंधनकारक ठरवली. म्हणजे आयोग नेमून, अहवाल देऊन, सगळं सिद्ध होऊनही वसुली झाली नाही, कारण एक कागद आधीच सही होऊन गेला होता. आपल्याकडे बिघडलेल्या प्रकल्पात कंत्राटदाराशी अशी तडजोड होते, दंड माफ होतो, मुदतवाढ ‘दंडाशिवाय’ दिली जाते, तेव्हा ते नागरिकाला कुठे वाचायला मिळतं? अनेक सरकारी करारांत उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के एवढाच असतो. तोही माफ करायचा असेल, तर निदान कारण उघड लिहा.

आमच्या महापालिकेबद्दल एवढंच सांगते की मार्च २०२२ नंतर काही वर्षं खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची स्थायी समिती अस्तित्वात नव्हती, कारभार प्रशासकांच्या हाती होता. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा मुंबई महापालिकेवरचा जो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत आला, त्यात निविदा न मागवता दिलेल्या कामांवर ताशेरे होते आणि त्यांत माहिती तंत्रज्ञान विभागाचंही काम होतं. कॅगचे लेखापरीक्षक येतात ते पैसे गेल्यावर. मला हवं आहे ते पैसे जाण्याआधीचं दार.

म्हणून राज्य सरकारकडे आणि महापालिकेकडे माझी मागणी अशी आहे. ठरावीक रकमेपुढच्या प्रत्येक संगणकीय कंत्राटाला मोजमाप पुस्तिकेसारखी चाचणी नोंदवही सक्तीची करा. तिच्यात प्रत्येक चाचणी, तारीख, शिल्लक दोष आणि तपासणाऱ्याचं नाव, हुद्दा असावा. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपैकी, म्हणजे लिपिक, परिचारिका, मुकादम, परीक्षक यांच्यापैकी काहींच्या सह्या त्यावर असल्याशिवाय लेखा विभागाने देयक घेऊच नये. आणि ही नोंदवही देयकाबरोबर संकेतस्थळावर टाकावी. व्यापारी गुपित म्हणून माहिती नाकारली जाते, हे मला ठाऊक आहे. कंपनीचा सोर्स कोड, म्हणजे प्रणाली ज्यातून बनते ती मूळ आज्ञावली, कोणी मागत नाही. सरकारी अधिकाऱ्याने सरकारी पैशासाठी दिलेलं प्रमाणपत्र हे कोणाचं गुपित असू शकत नाही.

माझे जुने सहकारी म्हणतात, असं केलं तर घाबरून कोणी सहीच करणार नाही, कामं अडून राहतील. ही भीती खोटी नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या मागे वर्षानुवर्षं चौकशी लागलेली मी पाहिली आहे. पण नोंदवहीत ‘बारा दोष शिल्लक, तरीही अमुक कारणासाठी सुरू करत आहोत’ असं लिहायची मुभा असेल, तर खरं लिहिणाऱ्याला तीच नोंदवही वाचवेल. आज त्याला समाधानकारक म्हणायचं किंवा नस्ती अडवून ठेवायची, एवढेच दोन मार्ग आहेत. मी अडवून ठेवायचा मार्ग घेऊन पाहिला आहे. एकट्या लेखा विभागाच्या आक्षेपाने काही थांबत नाही.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुठलं पोर्टल बंद पडलं, भरतीची परीक्षा रखडली, यंत्रं धूळ खात पडली, तर चौकशी कधी पूर्ण होणार हे विचारण्याआधी त्या खात्याला तीन कागद मागा: स्वीकृतीचं प्रमाणपत्र (म्हणजे प्रणाली चालते असं लिहून दिलेला तो कागद), आजवर दिलेल्या देयकांची यादी आणि बँक गॅरंटीची प्रत. गॅरंटीवरची शेवटची तारीख बातमीत ठळक छापा. त्या तारखेच्या आत बँकेकडे लेखी मागणी गेली नाही, तर बँक पैसे देत नाही.

आपली,
एक निवृत्त लेखा अधिकारी
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई