मने, ते पाकीट उघडून बघ

मने,

आत्ता तुझी विमानतळाची गाडी लोणावळ्याच्या आसपास असेल. घाटात रेंज जाते म्हणून फोन न करता लिहितोय, आणि खरं सांगायचं तर तू फोन उचलशील का माहीत नाही. पाया पडलीस पण बोलली नाहीस. मी दारात सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं. चुकलं माझं.

पण खालच्या काकूंचं ते पाकीट. मसाला आहे म्हणाल्या, असेलही, काकूंवर माझा संशय नाही, पण त्यांनी तरी कुठं स्वतः भरलंय, त्यांना कुणीतरी तसंच चिकटपट्टी मारून आणून दिलंय पुतण्यासाठी.

तू म्हणालीस, बाबा तुम्ही एकतीस वर्षं एसटीत लोकांचे डबे पोचवले आणि मला शिकवताय. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. खरंय तुझं. कराड स्टँडवर पहाटे बायका उभ्या असायच्या, फडक्यात बांधलेला गरम डबा हातात द्यायच्या, मास्तर तेवढं पोराला द्या म्हणायच्या, आणि स्वारगेटला ते पोरगं डोळे चोळत यायचं. एक डबा कधी उघडून बघितला नाही मी. तू होस्टेलला होतीस तेव्हा तुझाही डबा असाच यायचा, मी ड्युटीवर नसलो तरी यायचा.

पण विमानतळावर बॅग तुझी म्हणजे आतलं सगळं तुझं, मग दिलं कुणी हे नंतर. 2019 मध्ये मुंबईचं एक जोडपं फिरायला दोह्याला गेलं होतं, नात्यातल्याच बाईनं जर्दा म्हणून पाकीट दिलं, त्यात चार किलो चरस निघालं. दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. ती पोरगी गरोदर होती गं, बाळंतपण तुरुंगात झालं. 2021 ला निर्दोष सुटून आले, पण ती दोन वर्षं कोण परत देणार. तुला दुबईला विमान बदलायचंय म्हणून जीव खालीवर होतोय. तिकडे साधी खसखससुद्धा चालत नाही, म्हणून तर आईचे अनारसे काढले मी, ती अजून रुसलीये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढल्यात, तेलामुळे पेट घेतं म्हणून मोठ्या बॅगेत चालत नाही.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत राहिली असेल तर आत्ताच काढ, ती जवळच्या सॅकमध्येच पाहिजे. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये. शाम्पू, क्रीम शंभर मिलीच्या वरची बाटली सॅकमध्ये नको, अर्धी रिकामी असली तरी नको. पायातल्या प्लेटमुळे मशीन वाजलं तर घाबरू नकोस, सीआयएसएफच्या बाईंना आधीच सांग, त्या पडद्याआड तपासतात, डॉक्टरांचं पत्र निळ्या फाइलमध्ये आहे. आणि ट्रे आत गेला की त्याच्यावर नजर ठेव, रांगेत कुणी म्हणालं ताई माझी एवढी पिशवी धरा तर धरायची नाही, म्हातारं माणूस असलं तरी नाही.

बघ, परत सुरू झालो मी. तुला हे सगळं माहितीये, व्हिसाचं सगळं तू एकटीने केलंस, आमच्या घरातलं कुणी पुण्याच्या पुढे शिकायला गेलं नव्हतं. स्टँडवर सगळ्यांना सांगून झालंय माझं, जर्मनीला चाललीये म्हणून.

तुझी गाडी गेल्यावर शोकेसवर बघितलं, पाकीट तिथं नाही. फ्रिजवर नाही, तुझ्या खोलीत नाही, आईला विचारलं तर ती बोलत नाही. तू घेतलंयस ना? मी रागावणार नाही. गाडी थांबली की उघड, नुसता मसाला असला तरी ड्रायव्हर दादांकडे परत दे, मी काकूंना काय ते सांगतो, कुरिअरचे पैसे मी भरतो.

नुसतं हो किंवा नाही लिही. मी जागाच आहे.

बाबा