दारावर तुझं नाव लागू दे

बडोदा, रविवार

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले बर्लिनमधल्या दोन भाड्याच्या घरांचे करार वाचले. यंत्राने केलेलं इंग्रजी काही ठिकाणी अडखळतं, पण कलमांचा अर्थ लागतो. बडोद्याच्या कोर्टाबाहेरच्या टेबलापासून सुरुवात करून इतकी वर्षं भाडेकरारच लिहीत आले, तेव्हा कोणत्या ओळीत काय दडलेलं असतं ते कुठल्याही देशाच्या कागदात दिसतंच. बाबांना मिट्टे भागातलं सजवलेलं घर आवडलं. पलंग, मशीन, चमचे सगळं तयार, बॅग ठेवायची आणि राहायला लागायचं. मला ते मुळीच आवडलेलं नाही. तू मोआबिट भागातलं घर घे. मागच्या इमारतीतलं, चौथ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं, स्वयंपाकघरात नुसते नळ आणि वायरी असलेलं तेच घर घे.

कारण सांगते. मिट्टेच्या कागदात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंय की या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही. ही ओळ साधी नाही. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या नागरी कार्यालयात, पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाने ‘ही बाई माझ्याकडे राहायला आली आहे’ असं लेखी द्यायचं असतं आणि ते देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. जो देत नाही, त्याला एक तर ते घर भाड्याने द्यायचा अधिकार नसतो, नाहीतर त्याला कुणाच्या तरी नजरेत यायचं नसतं. तुझा कर क्रमांक त्या नोंदणीनंतर टपालाने येणार, पगारातून योग्य कर कापला जायला तो लागणार. व्हिसा वाढवतानाही पत्ता विचारणार. तीन महिने छान पलंगावर झोपून तू त्या शहराच्या कागदावर कुठेच नसशील, हे मला नको आहे.

मोआबिटचा करार त्या मानाने सरळ माणसाने लिहिलेला आहे. मुदत घातलेली नाही हे पाहून तू घाबरलीस, पण ती तुझ्या फायद्याची गोष्ट आहे. आपल्याकडे सगळे करार 11 महिन्यांचे, कारण 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, आणि तो खर्च कुणालाच नको असतो. मग दर 11 महिन्यांनी भाडेकरूच्या पोटात गोळा. तिथे बेमुदत करार हीच रीत आहे. मालकाला स्वतःला किंवा घरच्यांना राहायला घर हवं असणं, किंवा भाडं थकणं, असं कायद्यात बसणारं कारण असल्याशिवाय तो तुला काढू शकत नाही. तुला सोडायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस, आणि ती कागदावर, शाईच्या सहीने. ईमेल केलेली नोटीस धरत नाहीत. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पोचली तरच तो महिना मोजतात. या करारात पहिलं वर्ष तू नोटीस देणार नाहीस असं एक कलम आहे. तुझी नोकरी दोन वर्षांची, तेव्हा चालेल. पण चालेल हे आपण ठरवून म्हणतोय, न वाचता नाही.

अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा, म्हणजे नुसत्या घराच्या भाड्यापेक्षा, जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. ‘एकरकमी द्या’ म्हणाले तर नम्रपणे हप्त्यांचं सांग. मालकाने ते पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे, व्याजावर ठेवायचे असतात. आणि घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, किल्ली देणारा माणूस समोर असल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. ‘मी परदेशात आहे, पैसे भरा, किल्ली कुरियरने येईल’ असं म्हणणारा चोर असतो, त्याचं इंग्रजी कितीही गोड असो.

जाहिरातीत लिहिलेल्या भाड्याकडे बघून हिशोब करू नकोस. काल्टमीटेवर हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांचा अंदाजी खर्च चढतो, तेव्हा वार्ममीटे होतं. विजेचं बिल बहुधा त्यातही नसतं, ते तुझ्या नावावर वेगळं. वर्षअखेरीला प्रत्यक्ष खर्चाचा हिशोब येतो आणि थंडी जास्त पडली असेल तर फरक भरावा लागतो. दरमहा थोडे पैसे त्यासाठी बाजूला ठेव. हिशोबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत तो कागद आला नाही, तर सहसा मालकाला जास्तीचे पैसे मागता येत नाहीत, हेही लक्षात असू दे. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी दरमहा 18.36 युरो. टीव्ही नसला तरी द्यावी लागते, पण ती घरटी आहे, माणशी नाही.

स्वयंपाकघराबद्दल विचारून घे. आधीची भाडेकरू ओटा, शेगडी, कपाटं विकायचं म्हणतेय. रास्त किमतीत मिळालं तर घेऊन टाक, पण वस्तूंची यादी आणि रक्कम लिहून दोघींच्या सह्या कर. नाहीतर उद्या मालक म्हणेल की शेगडी माझीच होती.

ताबा घेताना घाई नको. उजेड असताना जा. मालकाबरोबर खोली-खोली फिर, प्रत्येक ओरखडा, फुटलेली फरशी, खिडकीची न लागणारी कडी लिहून घे, फोटो काढ. वीज आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे, किल्ल्या किती मिळाल्या तो आकडा, सगळं त्या नोंदीत यायला हवं. आणि किल्ली सांभाळ. तिथल्या बहुतेक घरांचं दार ओढलं की बाहेरून उघडत नाही, कचरा टाकायला गेलीस तरी किल्ली हातात हवी. संपूर्ण इमारतीची कुलपं एकाच संचातली असतील, म्हणजे तुझीच किल्ली बाहेरच्या दारालाही चालत असेल, तर एक किल्ली हरवल्याचा खर्च फार मोठा होतो. तेवढ्यासाठी तिथले लोक दायित्वाचा विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, काढतात. तूही पहिल्या महिन्यात काढ, आणि हरवलेली किल्ली त्यात धरली आहे ना ते पाहून.

आता कराराबाहेरचं.

तिथे इमारतीतल्या एकेका घराला बहुधा क्रमांक नसतो. घंटीवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं, आणि ते नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड, कर क्रमांक, सगळं त्या नावाच्या पट्टीवर अवलंबून. म्हणून पहिल्याच दिवशी तुझं नाव लाव. पूर्ण, नीट वाचता येईल असं.

हे लिहिताना मला आपल्याच गावाची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. तू सयाजीबागेत लहानपणी शेकडो वेळा खेळली आहेस. 1917 मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले डॉ. आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले, तेव्हा या शहरात त्यांना कुणी घर दिलं नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं. काही दिवसांत काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तेवढे तास ते त्याच बागेत, तेव्हाच्या कमाटीबागेत, बसून राहिले. इतक्या मोठ्या माणसाला आपल्या शहराने स्वतःच्या नावाने एक खोली दिली नाही. आणि ते फार मागे पडलंय असं मी म्हणणार नाही. आजही माझ्यासमोर बसून मालक विचारतात, आडनाव काय, घरात मांस-मच्छी शिजतं का, कोणत्या समाजाचे. मी तेव्हा पेन खाली ठेवते आणि सांगते की या प्रश्नांचं कलम मी लिहिणार नाही.

तुझ्या आडनावामुळे तिथे कुणी उत्तर दिलं नाही, असं तू म्हणालीस. होत असेल. 2006 पासून त्या देशात समान वागणुकीचा कायदा आहे, तो वंशावरून घर नाकारायला मनाई करतो, पण सिद्ध करणं अवघड जातं. तू नाव बदलून, मैत्रिणीच्या नावाने अर्ज करायचा विचार करत होतीस. नको करूस. उशीर लागला तरी चालेल, घर तुझ्या नावाने मिळू दे. म्हणूनच मोआबिटच्या मालकाने तुझं नाव दोनदा विचारून नीट लिहून घेतलं हे ऐकून मला तो माणूस बरा वाटला. तरीही अडचण आलीच तर बर्लिनच्या प्रत्येक विभागात भाडेकरूंना मोफत सल्ला मिळतो, आणि बर्लिनर मीटरफेराइन ही भाडेकरूंची संस्था आहे, वर्षाची वर्गणी भरून सभासद हो.

आता शेजार. आपण बडोद्यातले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे आहोत. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. तुझी पणजी सासवडहून दांडिया बाजारात भाड्याच्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिला ‘केम छो’ सुद्धा येत नव्हतं. भाजीवाली आणि समोरच्या घरातली बा, या दोघींनी तिला बोलायला शिकवलं. तिने आपलं काही सोडलं नाही आणि शेजाऱ्यांचं काही नाकारलंही नाही. मोआबिटला तसंच कर. जिन्यात कुणी भेटलं की आधी तू ‘गुटेन टाग’ म्हण. पहिल्या आठवड्यात वरच्या-खालच्या घरांची घंटी वाजवून नाव सांग. सोबत दिलेल्या लीलो चिवड्यातला थोडा घेऊन जा.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता असते, आणि रविवारी दिवसभर. त्या दिवशी भिंतीला भोक पाडायचं नाही, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत, दुकानंही बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध-पीठ आणून ठेव. अगदीच अडलं तर कोपऱ्यावरचं श्पेटी, म्हणजे उशिरापर्यंत चालणारं छोटं दुकान, उघडं सापडू शकतं. मित्रमैत्रिणी बोलावणार असशील तर जिन्यात चिठ्ठी लावून आधी सांग. कचरा वेगवेगळा टाकावा लागतो: कागद निळ्यात, भाजीची सालं तपकिरीत, प्लास्टिक आणि पत्र्याचे डबे पिवळ्या किंवा केशरी पिंपात, काच पांढरी आणि रंगीत वेगळी. चुकलीस तर कुणीतरी सांगेल, तेव्हा रागावू नकोस, आभार मान. प्लास्टिकच्या बाटल्या फेकू नकोस, दुकानातल्या यंत्रात घातल्या की बहुतेकांचे 25 सेंट परत मिळतात.

फोडणीचा प्रश्न तू विचारलास. फोडणी दे, का नाही देणार? पण आधी खिडकी सताड उघड. तिथले लोक हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या पूर्ण उघडतात, कारण बंद घरात ओल धरते आणि भिंतींना बुरशी येते; ती काढायचा खर्च मालक भाडेकरूवर टाकायला बघतो. बाबांना वाटतं की थंडीत खिडकी उघडली तर तू आजारी पडशील. मी त्यांना समजावलंय. नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे, फक्त जड आहे, चहाच्या भांड्यात चुना साचेल, व्हिनेगरने काढ.

मोआबिटचा नकाशा पाहिला. चारही बाजूंना श्प्रे नदी आणि कालवे, जवळजवळ बेटच ते. 1891 मधली आर्मिनियस बाजारपेठ अजून उभी आहे, आणि 1906 चं ते प्रचंड फौजदारी न्यायालय! मी आले की पहिल्यांदा तेच बाहेरून बघणार आहे. तू मात्र आधी बेकरीवाली, औषधांचं दुकान, जवळचं ब्युर्गरआम्ट बघून ठेव. तिथल्या वेळा चटकन मिळत नाहीत, म्हणून करारावर सही झाल्याच्या संध्याकाळीच ऑनलाइन वेळ घे. जवळच्या विभागात मिळाली नाही तर शहरातल्या कुठल्याही चालते. मालकाचं लेखी मात्र त्याआधी हातात असलं पाहिजे.

सही करण्याआधी दोन गोष्टी मला कळव: ओट्याची शेगडी गॅसची आहे की विजेची, आणि तळघरातली सामानाची खोली भाड्यात आहे की नाही. करारात दोन्हींचा उल्लेख नाही. मालकाला विचारून उत्तर लेखी घे, करारात तेवढं घालायला सांग, मग सही कर आणि सही केलेल्या प्रतीचे फोटो मला पाठव. पानं सगळी.

तुझी,
आई